रविवारी चार वाजता राग

मामांना चेन्नईतल्या तीन सभांतून आणि एका भजनी मंडळातून बाहेर काढलं होतं, आणि चारही वेळा हातावरून. कुणाचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, हा हात त्यांनी आयुष्यात स्वतःच्या उजव्या मांडीशिवाय कशावरही उगारला नव्हता. पण त्या मांडीवर तो असा पडायचा की स्टेजवरच्या गायकाने दचकून डोळे उघडावेत.

सभा म्हणजे तिकडे गाण्याचे कार्यक्रम करणारी संस्था, आणि तिचा हॉलही. तिथे गाणं ऐकायला बसलेला माणूस मांडीवर ताल धरतो. एक टाळी, मग करंगळीपासून बोटं मोजायची, मग पुन्हा टाळी. सगळा हॉल हे करत असतो, पण बेताने, शेजारच्याला त्रास न होईल असं. मामा मांडी बडवायचे. शिवाय मृदंगवाला तसूभर सरकला की मोठ्याने 'चुकलं' म्हणायचे, आणि तेही मराठीत. आपल्याला नक्की काय म्हटलं ते त्या बिचाऱ्याला कळायचं नाही, पण चांगलं काही म्हटलेलं नाही एवढं समजायचं.

मी त्यांचा भाडेकरू. बार्शीहून नोकरीसाठी चेन्नईला आलो तेव्हा वेलचेरीत कॉम्प्युटरवाल्यांसाठी भराभर इमारती उठत होत्या आणि त्यांच्यात मामांचं जुनं दुमजली घर अंग चोरून उभं होतं. मामा रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. गल्लीतले सगळे त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. दोघं तंजावरकडची मराठी. पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेले आणि जाताना नेलेली मराठी यांनी जपून ठेवली होती, मधे मधे तमिळ कालवून. माझ्या मराठीबद्दल मामांचं मत वाईट होतं.

"तुम्च मराठी तुमी बिघडवलंत," ते म्हणायचे. "अम्च होतं तसंच आहे."

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना पगार विचारला ना आडनाव. "सात मोजून टाळी मार," म्हणाले. मी मारली. त्यांनी डोळे मिटले, दाढ दुखत असल्यासारखं तोंड केलं आणि आत बघून म्हणाले, "ताल नाहीं. मनुष्य बरा दिसतो." आतून मामींचा आवाज आला, "ताल असलेले तीन भाडेकरी पळून गेले. हा राहू दे." अशी मला खोली मिळाली.

वरच्या खोलीतला पंखा फिरताना खडखडायचा. तो दुरुस्त करा म्हणून मी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली. मामा वर आले, पंख्याखाली खुर्ची ओढून बसले आणि पंधरा मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, "पांच मात्रा. एक चूक नाहीं. ह्यास हात लावशील तर खोली रिकामी कर." मी दोन वर्षं त्या पाच मात्रांखाली झोपलो. मामांच्या घरात कुकरची शिट्टी, पाण्याची मोटर, माझं जिना चढणं, सगळ्यांची परीक्षा व्हायची. मी घाईत एक पायरी गाळली की खालून ओरडायचे, "सहावी खाल्लास." ते रागवायचे रोज, आणि बहुतेक ठरलेल्या वेळी. सकाळी पेपर उशिरा आला म्हणून, दुपारी टपाल आलं नाही म्हणून, संध्याकाळी शेजारच्या इमारतीतल्या रेडिओवरून.

मामी कमी बोलायच्या. पण तीन सभांमध्ये मामा जितके टिकले ते मामींमुळेच. त्या मामांना स्वतःच्या उजव्या हातावर बसायला लावायच्या. सिल्कची वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेला पासष्टीचा गृहस्थ पुढच्या रांगेत स्वतःच्याच तळहातावर बसलाय आणि त्याचा खांदा तालात उडतोय, हे दृश्य मी एकदा पाहिलंय. अर्ध्या तासात हाताला मुंग्या आल्या, तो बाहेर निघाला, आणि आम्ही तिघंही बाहेर निघालो.

तिसऱ्या सभेतला गुन्हा जरा वेगळा होता. गाण्याच्या शेवटी शेवटी गायक थांबतो आणि मृदंगवाला एकटा वाजवतो. त्याला 'तनी' म्हणतात. चेन्नईतले श्रोते कितीही दर्दी असोत, तनी सुरू झाली की निम्मा हॉल कँटीनकडे कॉफीला पळतो. मामांना हे आयुष्यभर सलत होतं. त्या दिवशी ते उठले आणि दारात हात पसरून उभे राहिले. कोणाला सोडेनात. मृदंगवाला जीव तोडून वाजवतोय आणि दारात दीडशे माणसं मामांशी भांडताहेत. शेवटी सेक्रेटरी आले. मामांना बाहेर जायला सांगितलं, आणि त्यांच्याबरोबर दीडशे माणसं कॉफीला गेली.

उरलं होतं तांबरमचं भजनी मंडळ. सगळी आपलीच माणसं, मामींच्या माहेरची ओळख, दर शनिवारी अभंग. तिथे मामांनी हात वर करून आरती मधेच थांबवली आणि पहिल्यापासून घ्यायला लावली. दोनदा. पुढच्या शनिवारी मंडळाचे प्रमुख स्वतः घरी आले, मामींच्या हातची कॉफी प्याले आणि हात जोडून म्हणाले, "राव, तुमी येऊं नका. देवास तरी अम्ची चूक चालूं दे."

हे झालं नोव्हेंबरात. डिसेंबरात चेन्नईत गाण्याचा मोसम असतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठे ना कुठे मैफल, आणि बायाबापड्या टिफिनचा डबा घेऊन या सभेतून त्या सभेत. त्या डिसेंबरात मामा पहिल्यांदा घरी बसले. पेपरातली मैफलींची परीक्षणं मोठ्याने वाचायचे आणि न ऐकलेल्या मैफलींतल्या चुका काढायचे. मग तेही बंद झालं. एकदा ऑफिसातून लवकर आलो तर ओसरीवर नुसते बसलेले, उजवा हात मांडीवर उताणा पडलेला. मला म्हणाले, "एवढा मोठा ऊर, आणि ह्या हातास बसायास एक जागा नाहीं." ऊर म्हणजे गाव. ते ओरडायचे ते परवडलं, असं वाटलं.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या टीम लीडरसमोर माझ्या तोंडून निघून गेलं, की मी रॉक म्हणतात ते संगीत कधी ऐकलेलं नाही. आमच्या बार्शीत लग्नाचा बँड आणि गणपतीतले ढोल, त्यापलीकडे माझी मजल नव्हती. टीम लीडर तिशी ओलांडलेला, केस विरळ, इतका हळू बोलायचा की मीटिंगमध्ये आम्ही सगळे टेबलावर ओणवे व्हायचो. तो हळूच म्हणाला, मी एका बँडमध्ये ड्रम्स वाजवतो, रविवारी अड्यारमध्ये कार्यक्रम आहे, ये, वेळ कळवीन. माझा विश्वास बसला नाही.

माझ्या मोबाइलला वरच्या खोलीत रेंज यायची नाही, म्हणून माझे फोन खाली मामांकडे यायचे आणि ते निरोप लिहून ठेवायचे. ते मराठीही तमिळ लिपीतच लिहायचे. शुक्रवारी संध्याकाळी दारात पाऊल टाकलं तर मामा कॅलेंडरचा फाटका कागद हातात घेऊन उभे. चष्मा कपाळावर.

"आदितवारीं चार घंटेस राग," ते म्हणाले.

मला वाटलं, आता मामा रागवायची वेळ आगाऊ कळवू लागले. रोजचं वेळापत्रक होतंच, त्यात रविवारची भर. मी म्हटलं, "माझं काही चुकलं का?"

"तूं चुकलासच. राग ऐकायास जाऊलास आणि मज सांगटलास नाहीं."

मी कागद घेतला. तमिळ मला तोवर अक्षरं लावत वाचता यायचं. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर. रॉकमधला 'रॉ'ही तिथे 'रा'च होतो. टीम लीडरने फोनवर सांगितलेलं 'रॉक' मामांनी कानांनी ऐकलं, तमिळमध्ये लिहिलं आणि मराठीत वाचलं. त्या प्रवासात त्याचा राग झाला होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा एक पाऊल पुढे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अड्यारांत ही नवी सभा न्हवे? मी कधीं ऐकलों नाहीं. म्हणजे तेथें मज कोण ओळखत नाहीं."

त्यांच्या चेहऱ्यावर महिनाभराने काहीतरी हललं होतं. मी तोंड मिटलं. त्यात दया होती असं म्हणायला मला आवडेल, पण मामांना रॉक म्हणजे काय हे समजावून सांगायची हिंमत नव्हती, हेही खरं. शनिवारी रात्री सांगू म्हटलं. शनिवारी मामींनी कपाटातून जरीकाठाची वेष्टी काढून उन्हात टाकली होती. मग रविवारी सकाळी सांगू म्हटलं.

रविवारी तीन वाजता मामा वेष्टी नेसून, उपरणं घेऊन, मामी नऊवारी रेशमी लुगड्यात, हातात कॉफीचा थर्मास, असे आम्ही शेअर ऑटोत बसलो. मी पुढे ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर, मान खाली. मागे मामी मामांना बजावत होत्या, "हातावर बसावं. ही शेवटली सभा. ही गेली तर मी घरीं तुम्हास सांभाळणार नाहीं."

"बसतों," मामा म्हणाले. "शपथ."

ती नवी सभा म्हणजे एका हॉटेलच्या तळघरातला डिस्को होता. रविवारी दुपारी दारू बंद आणि लिंबू सरबत चालू असायचं, आणि कॉलेजची पोरं यायची. जिन्याच्या तोंडाशी भलामोठा बोर्ड होता, इंग्रजीत. मामांनी चष्मा खाली घेतला आणि रेल्वेतल्या सवयीने एक एक अक्षर वाचलं. आर, ओ, सी, के. मग पोस्टरवरच्या केस वाढवलेल्या माणसाच्या जिभेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"राक् म्हणजे दगड," ते म्हणाले. "तूं जाणून आणलास?"

"हो," मी म्हटलं. "सांगणार होतो. धीर झाला नाही."

मला वाटलं, आता चार वाजताचा राग होणार. पण आतून काहीतरी धडधडत होतं, ते पायाखालच्या फरशीतून कळत होतं. मामांचा अंगठा पायातल्या चपलेत हलू लागला.

"येथें मज कोण ओळखत नाहीं, हें तरी खरें न्हवे?"

"ते अगदी खरं."

"मग चल."

दारावरच्या रखवालदाराला एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नसावं. तो गोंधळला, पण नियम म्हणजे नियम. "ओन्ली कपल्स," म्हणाला, आणि माझ्याकडे बोट दाखवून, "स्टॅग नॉट अलाउड." मामा आणि मामी म्हणजे रीतसर जोडपं, एकेचाळीस वर्षांचं. त्यांना आत जाता येत होतं. एकटा पुरुष म्हणजे त्याच्या भाषेत स्टॅग, म्हणून मी बाहेर राहणार होतो.

"स्टॅग म्हणजे काळवीट," मामा मामींना समजावू लागले. "अमी कोठें काळवीट आणलों? तो गिंडीच्या रानांत."

रखवालदार हटेना. तेव्हा मामांनी उपरणं सारखं केलं आणि त्याला तमिळमध्ये शांतपणे विचारलं, "राम, सीता आले. लक्ष्मणाला बाहेर उभा करणार का?" रखवालदाराने मामींच्या नऊवारीकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं, आणि बाजूला झाला.

आत अंधार, रंगीत दिवे, आणि दीड-दोनशे पोरं-पोरी. मामी शांतपणे भिंतीकडेच्या सोफ्यावर बसल्या. मामा शेजारी बसले, उजवा तळहात खाली घालून. स्टेजवर चौघं होती, आणि मागे ड्रम्सच्या गराड्यात आमचा टीम लीडर, काळ्या बनियनवर. त्याने काठ्या वर नेल्या आणि तो आवाज झाला.

मी तोवर आवाज कानांनी ऐकत होतो. हा पोटातून आत शिरला. छातीचा पिंजरा कोणीतरी बाहेरून हलवतंय असं वाटलं, भीती वाटली, पळून जावंसं वाटलं, आणि गाणं संपलं तेव्हा इतक्यात का संपलं म्हणून मला राग आला. बार्शीत दोन वर्षं अभ्यासाला कोंडून घेतलं होतं, तेव्हा माझ्या मनात जे काही साठलं होतं ते कुणीतरी माझ्या परवानगीशिवाय ओरडून सांगितलं होतं. माझे डोळे भरले होते. अंधार होता म्हणून बरं.

मामांचं वेगळंच चाललं होतं. "आठ मात्रा," ते माझ्या कानात ओरडले. "बाळांस शिकवितात तें." मग गिटार किंचाळली. त्यांनी मान पुढे केली. "वीण्यास करंट दिल्हा आहे," म्हणाले. मामींचं मत मिक्सर बिघडल्याचं होतं.

तिसऱ्या गाण्यात बाकीचे तिघं थांबले आणि टीम लीडर एकटा वाजवू लागला. ऑफिसात ज्याचं वाक्य तीनदा विचारावं लागे, तो माणूस घामाने निथळत ड्रम्सवर तुटून पडला होता. मामा उठले. मला वाटलं झालं, दारात जाऊन उभे राहणार. ते खरंच दाराकडे वळले, पण नुसते बघत राहिले. दार रिकामं होतं. मग ते पोरांकडे बघत राहिले. पोरं नाचायची थांबून स्टेजकडे तोंड करून ओरडत होती. मामा सोफ्यावर येऊन बसले.

"तनी चालूं आहे," ते म्हणाले. "आणि एक मनुष्य कॉफीस गेला नाहीं."

मामींनी थर्मासचं उघडलेलं झाकण परत लावलं.

त्यानंतरचं गाणं विचित्र होतं. सुरू झालं आणि पोरांचे पाय अडकू लागले. एकीकडे उडी मारावी तर ठोका दुसरीकडेच. दोन-तीन जोड्या एकमेकांवर आदळल्या. मामा ताठ झाले. "सात," ते पुटपुटले. "तीन आणि चार. ह्यांस हें कोण शिकवलं?" त्यांचा खांदा उडू लागला. हात खालून निघायला धडपडत होता आणि मामा शपथेखातर त्याच्यावर आणखी जोरात बसत होते. वेदना स्पष्ट दिसत होती. तशात स्टेजवरच गडबड झाली. गिटारवाला एकीकडे, टीम लीडर दुसरीकडे. मला ताल नाही, पण तेवढं मलाही कळलं.

मामी ते बघत होत्या. त्यांनी एकदा त्या मोठमोठ्या स्पीकर्सकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि वाकून त्यांच्या कानात ओरडल्या, "मारा की. ह्या ओरडण्यांत कोणास ऐकूं येणार आहे?"

मामांनी हात काढला. एकेचाळीस वर्षांत मामींनी दिलेली ती पहिली परवानगी होती. ते उभे राहिले आणि मांडीबिंडी सोडून डोक्यावर दोन्ही हातांनी टाळी मारू लागले, तीन आणि चार, तीन आणि चार. वेष्टी नेसलेला म्हातारा हे करतोय म्हटल्यावर जवळच्या पोरांना वाटलं ही नवी स्टेप. त्यांनी उचलली. त्यांचं बघून पुढच्यांनी. "तीन पहिलें," मामा एका पोरीवर ओरडत होते, "चार मागून. पहिलें तीन." पोरीला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तिने हसून अंगठा दाखवला. मिनिटभरात अर्धा डिस्को सातात टाळ्या मारत होता. टीम लीडरने मान वर करून ते पाहिलं, दोन टाळ्या जाऊ दिल्या आणि तिसरीवर बरोबर आत शिरला.

गाणं संपलं, दिवे लागले, आणि टीम लीडर काठ्या काखेत मारून गर्दीतून सरळ आमच्याकडे येऊ लागला. त्याच्या मागे हॉटेलचा मॅनेजर, कोटात.

मामांनी ते पाहिलं. त्यांना हे दृश्य पाठ होतं. ते दोघं पोचायच्या आत त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, थर्मास मामींच्या हातात दिला, त्यांना उठायची खूण केली आणि हात जोडून उभे राहिले. "जातों, जातों," म्हणाले. "रागावूं नका. हात आवरला नाहीं. आतां जातों." हे सगळं मराठीत. त्या घाईत त्यांना तमिळ आठवलंच नाही.

टीम लीडरने माझ्याकडे पाहिलं. मग तो मामांना नेहमीच्या हळू आवाजात तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. मामा नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणून मी तेच मराठीत सांगितलं. "मामा, ते म्हणताहेत पुढे येऊन बसा. अजून सातातलं एक गाणं आहे, आणि स्टेजवरून त्यांना तुमचा हात दिसत नाही."

मॅनेजरने तोवर पोरांच्या हातून एक खुर्ची घेतली होती आणि ती ड्रम्ससमोर नेऊन ठेवली होती.

मामा हलले नाहीत. जोडलेले हात तसेच होते. तीन सभांच्या सेक्रेटरींशी भांडलेला, दीडशे माणसांना दारात अडवणारा हा माणूस माझ्याकडे वळला आणि शाळेत पहिल्या दिवशी विचारतात तशा आवाजात म्हणाला, "खरेंच बसूं?"